खळं कुठे असतं

“ह्यो उंबरो. हयसून सुरवात करा, खरात सायब,” कुबल सारंग म्हणाले. “आनी लिवन घेवा.”

धुकं इतकं होतं की ते कशाकडे बोट दाखवताहेत ते मला दिसत नव्हतं. पण कळलं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची एक आडवी रांग होती. तिच्यावर मनगटाएवढ्या जाड शेवाळाचे दोर तरंगत असायचे. आत सतरा वाव खोल पाणी, बाहेर तीस, आणि त्या रांगेवर जेमतेम चार. मी पेन्सिलीने ‘उंबरा’ लिहिलं.

“मगे ओटी. मगे माजघर. बरफ खाली येता ती चूल. धूर बगलात मां थंयचो?”

धूर म्हणजे हिमनदीवरून घरंगळत येणारं धुकं. तो दिसला की पाव तासात डोंगरावरून वारा कोसळायचा आणि जहाज नांगराला हिसके द्यायचं. मी ‘चूल’ लिहिलं आणि हसलो. सारंग दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून दोराला दोर विणत होते. ते हसले नाहीत.

ही ब्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. बेटाचं नाव सांगत नाही. ते दुसऱ्या देशाचं आहे आणि आम्ही तिथे परवानगीने गेलो होतो, दक्षिणेला पन्नास अंशांच्या आसपास, जिथे झाड म्हणून नाही आणि जवळचं बंदर बारा दिवसांवर. काम होतं ते एका खाडीची खोली मोजून नकाशा करण्याचं. नकाशा करणारा मी, निवृत्ती खरात, वय अठ्ठावीस, माण तालुक्यातला. आमच्या गावाने पाणी पाहिलं ते टँकरचं. असा माणूस समुद्र मोजायला निघाला याची जहाजावर भरपूर थट्टा व्हायची, आणि मला ती आवडायची नाही. म्हणून मी माझं काम जास्तच काटेकोर करायचो. नकाशावर आलं ते खरं, बाकीच्या गप्पा, असा माझा तेव्हाचा स्वभाव होता.

गंगाराम कुबल हे जहाजाचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. मालवणच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले, पंचावन्नचे. जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो. कप्तान बेदी पंजाबी, बाकी सगळे केरळ आणि आंध्रचे.

खाडीला आमच्या कागदावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. जुन्या काळी सील प्राण्यांची शिकार करायला येणाऱ्या परदेशी लोकांच्या एका नकाशात तिला नाव होतं. कप्तानांनी त्याचा अर्थ सांगितला, सुखाची खाडी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्याच नकाशात तिच्या आत दोन बुडालेल्या जहाजांच्या खुणा होत्या, आणि किनाऱ्यावर त्या लोकांची एक दगडी झोपडी अजून उभी होती.

नावांचा उद्योग सारंगांनी मागे लावला होता. भरतीची काठी वाचायला त्यांना त्या झोपडीत आठवडाभर राहायचं होतं. किनाऱ्याच्या पाण्यात खुणा केलेली काठी रोवायची आणि पाणी किती चढलं, किती उतरलं ते तासातासाला वहीत मांडायचं. काम सोपं, पण जागा सोडता येत नाही. ते म्हणाले, “नाव नाय त्या जाग्यार रव नये. गाऱ्हाणां घालूक जाग्याचा नाव लागता. राखणदाराक काय म्हणान हाक मारतलंय? आकडो सांगू?”

“इथे कसला राखणदार, सारंग? पेंग्विन?”

“जागो आसा थंय राखणदार आसता. घर म्हणान बोलवलां तर घरासारखो वागतलो. बगूया.”

म्हणून घर. मी म्हटलं, कामापुरती नावं हवीच आहेत, हीच लिहू. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. पडवी, देवखोली, न्हाणी. नकाशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कागद बघून दर्यात जाणाऱ्यांविषयी त्यांचं मत वाईट होतं.

“आनी खळां. ता चुकवू नकात.”

“खळं कुठे म्हणता?”

आता मात्र ते हसले. “खळां खंय आसता? मोकळ्यार. सपाट जागो, वारो खेळता थंय. होडी सुखान लागतली.”

मला लगेच उमगलं आणि स्वतःचं कौतुकही वाटलं. खाडीच्या पश्चिम काठावर एक सपाट, जवळजवळ गोल मैदान होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक दगड खांबासारखा उभा होता. पहिल्या दिवशी दुर्बिणीतून ते पाहिलं तेव्हाच मला आमच्या गावाबाहेरचं खळं आठवलं होतं. मधे तिवडा, भोवती फिरणारे बैल, आणि धान्य उफणायला हवा तसा मोकळा वारा. कोकणातल्या माणसाला तेच दिसावं याचं बरं वाटलं. मी त्या मैदानावर ठळक अक्षरात ‘खळं’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सारंगांना आणि थंकप्पन नावाच्या खलाशाला पूर्व काठावर झोपडीत उतरवलं. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ बोलायचं ठरलं. खरं तर सारंगांच्या सोबत मी जायचं, असं कप्तानांच्या मनात होतं. मी म्हटलं, मला कागदाचं काम आहे. काम होतं, पण कोरडी खोली आणि गरम जेवण हेही होतं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

पहिल्या संध्याकाळी रेडिओ खरखरला आणि सारंग म्हणाले, “खरात सायब, माका गाऱ्हाणां घालूचा आसा. दुसरां कोण नाय, थंकप्पनाक कळना नाय. तुमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणा.”

“रेडिओवर?”

“राखणदाराक काय, खंयसूनय ऐकाक येता.”

मग त्यांचा आवाज बदलला. गावच्या देवळात बोलतात तसा खालून, ठाम. “बा देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. कप्तान बेदी माझ्याकडे बघत होते. मी खांदे उडवले.

“ह्या घराच्या राखणदारा, आज परको माणूस तुझ्या घरात रवाक इलो हा. तेचो काय चुकला तर पदरात घे.”

“व्हय म्हाराजा.”

“उंबऱ्यार आमका आडवू नको. चुलीतलो धूर आवर. खळ्यात होडी येतली, तिका सुखान परत धाड म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं आणि बटण सोडलं. हसू येत होतं, पण पुरतं आलं नाही.

तिसऱ्या दिवशी थंकप्पनचा हात स्टोव्हवर भाजला आणि त्याला परत आणावं लागलं. बदली माणूस पाठवतो म्हटलं तर सारंगांनी नकार दिला. “चार दिसांचो प्रश्न. मी एकटो रवतंय. माणूस नाय आसलो तर काम बरां होता.” तेव्हाही मला जाता आलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी बॅरोमीटर पडायला लागला. नुसता उतरला नाही, आपण पाहत असताना काटा खाली खाली गेला. पक्षी दिसेनासे झाले. सकाळभर जहाजाभोवती घिरट्या घालणारे मोठ्या पंखांचे पक्षी एकाएकी नाहीत, हे मला आधी कळलं नाही. आचारी म्हणाला तेव्हा मान वर करून पाहिलं. मग चुलीतून धूर निघाला, नेहमीसारखा पांढरा नाही, काळपट, आणि पाण्यावर पसरून आमच्यापर्यंत आला. आता जहाजाच्या टोकाला उभा असलेला माणूसही दिसत नव्हता.

कप्तान म्हणाले, अर्ध्या तासात बोट सोडायची, सारंगला घ्यायचं आणि उंबरा ओलांडून उघड्या समुद्रात जायचं. वादळात या खाडीत राहिलो तर तिसरी खूण आपली असेल.

मी रेडिओ घेतला. बॅटऱ्या थंडीने मरत आल्या होत्या, आवाज तुटत होता.

“सारंग, बोट घेऊन येतोय. सामान बांधा. कुठे थांबता?”

“खळ्यात रवतंय.”

“खळ्यात?”

“व्हय, व्हय. खळ्यात. आनी खंय?”

त्यानंतर नुसती खरखर, आणि मग तीही बंद.

मला क्षणभर आश्चर्य वाटलं. झोपडीपासून त्या मैदानापर्यंत यायचं तर खाडीच्या टोकाला वळसा घालून, हिमनदीच्या पायथ्याजवळून, तासभर चालावं लागलं असतं. पण झोपडीसमोर दगडगोट्यांचा किनारा, वारा वाढला की लाटा फुटायच्या. मैदानाखाली पाणी शांत असायचं. मी स्वतःशी म्हटलं, सारंग जुना माणूस आहे, हवा बघून त्याने आधीच चालायला सुरुवात केली असेल. असं म्हटलं आणि ते मला पटलं. आपल्याच नकाशावर विश्वास ठेवायला कुणाला वेळ लागतो?

कप्तानांनी विचारलं, “कहाँ मिलेगा वह?”

मी नकाशा उलगडून बोट ठेवलं.

बोटीत आम्ही तिघे होतो, इंजिन चालवणारा रत्नम, थंकप्पन आणि मी. थंकप्पन हात बांधलेला असूनही हट्टाने आला होता. होकायंत्र बघत, धुक्यातून, शेवाळ चुकवत आम्ही पश्चिम काठाला लागलो. उभा दगड दिसला तेव्हा मला हायसं वाटलं. उतरलो, हाका मारल्या, भोंगा वाजवला. कुणी नाही. गवत ओलं होतं आणि त्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं.

तेव्हा तो आवाज आला. पाण्यावरून, लांबून. पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. तीन ठोके, मग थांबणं, मग तीन ठोके.

थंकप्पन म्हणाला, “साहब, वो झोपडी के पास से आ रहा है.”

मी ऐकलं. मलाही तसंच वाटलं. मग दुसऱ्यांदा आवाज हिमनदीकडून आल्यासारखा वाटला, कारण चहूबाजूंनी कडे होते आणि आवाज भिंतीवरून भिंतीवर जात होता. मी म्हटलं, “तो चालत येतोय. चालता चालता डबा वाजवतोय.”

“नहीं साहब. आवाज एक ही जगह से आ रहा है.”

“त्याने मला स्वतः सांगितलंय, इथे थांबतो म्हणून. आपण हललो आणि तो इथे पोचला तर?”

मी साहेब होतो. मी भोंगा पुन्हा वाजवला, आणि पलीकडून डबा जोरात वाजायला लागला, घाईने, ठोके न मोजता. त्याने भोंगा ऐकला होता. बोट आली म्हणून त्याला आनंद झाला होता.

आम्ही पंचवीस मिनिटं तिथे थांबलो. मग वारा कोसळला. धुकं फाटलं, पाणी पांढरं झालं आणि रत्नमने मला न विचारता इंजिन सुरू केलं. खाडी ओलांडून पूर्वेला जाणं आता शक्यच नव्हतं. जहाजापर्यंत पोचलो तेच नशीब. बोट वर ओढताना मला डबा ऐकू येत होता, की ऐकू येतोय असं वाटत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

दोन दिवस आणि तीन रात्री आम्ही बाहेर वादळात होतो. परत आत शिरलो तेव्हा ऊन पडलं होतं. खाडी खरोखर सुखाची दिसत होती.

सारंग झोपडीसमोर होते. झोपडीत नाही, समोर. दाराला बाहेरून कडी लावलेली. ते दगडी भिंतीला पाठ टेकून, समुद्राकडे तोंड करून बसले होते. पायात बूट, शेजारी बांधलेली पिशवी, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यांच्या अंगावरचे कपडे मिठाने कडक झाले होते. काठीची वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी ठेवली होती, कोरडी. आत स्टोव्ह होता, रॉकेल होतं, चार घोंगड्या होत्या. आत गेले असते तर जगले असते. पण भोंगा ऐकला होता. आपण आत गेलो आणि धुक्यात बोट आपल्याला न बघता परत गेली तर, असं त्यांना वाटलं असणार. ते बोटीची वाट बघत बाहेर बसले आणि थंडीने गेले.

मी रडलो. पण रडता रडता मला त्यांचा रागही आला होता, हे लपवत नाही. सांगितलं एक, केलं एक. का नाही आलात?

चौकशी झाली. माझ्यापुढे कागद ठेवला, मी सही केली. सारंगांना खळ्यात यायचं ठरलं होतं, त्यांनी ते मान्य केलं होतं, बोट वेळेवर तिथे पोचली, ते तिथे नव्हते. चारही वाक्यं मी शपथेवर पुन्हा म्हणू शकलो असतो. थंकप्पनने आवाजाचं सांगितलं, पण कड्यांमुळे आवाज फसवा होता असं मीच म्हटल्यावर ते तिथेच राहिलं. निष्कर्ष निघाला: सारंग नेमून दिलेल्या जागी हजर नव्हते.

वर्षभराने नकाशा छापायला निघाला तेव्हा मी अर्ज केला की खाडीला कुबल यांचं नाव द्यावं. खात्यातून उत्तर आलं की सूचना न पाळल्याने मृत्यू पावलेल्या माणसाचं नाव देणं योग्य होणार नाही. घराची बाकीची नावं कामापुरती म्हणून गाळली गेली. एक फक्त राहिलं, कारण ते चौकशीच्या कागदांत होतं. पश्चिमेचं ते मैदान छापील नकाशात ‘खळं’ म्हणून आहे.

मी मालवणकडे गेलो तो त्यानंतर. चौऱ्याऐंशीचा मार्च. का गेलो? वाटलं, अर्ज केला होता हे तरी घरच्यांना सांगावं. म्हणजे थोडं बरं वाटून घ्यायला गेलो.

वाडीत घर विचारलं तर एक जण म्हणाला, “वाट चुकललो सारंग? थंय, माडांच्या पलीकडे.” आयुष्यभर दर्यात वाट दाखवलेल्या माणसाची ही ओळख उरली होती, आणि ती माझ्या सहीने.

कुबलांची बायको दारात आली. उंच, पांढरे केस, डोळ्यांत सरळ बघणारी. मागे मुलगा दिगंबर, तिशीतला, हातात जाळ्याची सुई. मी नाव सांगितलं. त्यांनी ते चौकशीच्या सरकारी पत्रात वाचलेलं होतं. दिगंबर हातातली सुई फिरवत राहिला.

बाई म्हणाल्या, “उन्हातसून इलास. आत उकाडता. हय खळ्यात बसा, वारो लागता.”

“कुठे?”

“हय काय. खळ्यात.”

त्यांनी हात केला तिथे मी बघितलं. घराच्या दारापासून तुळशीपर्यंत सारवलेली, सपाट जागा. वर झावळ्यांचा मांडव. दारातून पाऊल टाकलं की तिथेच.

“ह्याला खळं म्हणता तुम्ही?”

“मगे काय म्हणतले?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “घराच्या म्होरचां ता खळां. तुमच्याकडे नसता?”

मी होतो तिथेच खाली बसलो. बाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पाण्याचा तांब्या आणला. मी प्यायलो नाही. खळां खंय आसता, मोकळ्यार, वारो खेळता थंय. सारंग राहत होते ते घर म्हणजे झोपडी, आणि तिच्या दारासमोरचा तो दगडगोट्यांचा किनारा. व्हय, खळ्यात, आनी खंय? दुसरीकडे कुठे थांबणार होता तो माणूस?

दिगंबरने पहिल्यांदा तोंड उघडलं. “एक इचारू? तेंका जागो सांगललो. बाबांका वाट चुकाक येवची नाय, डोळे बांदले तरी. मगे ते गेले कित्याक नाय?”

सव्वा वर्ष हा प्रश्न या घरात असणार. कदाचित रोज जेवताना. मला उठून जाता आलं असतं. ऊन लागल्याचं कारण तयार होतं, आणि कागद माझ्या बाजूने होता. या घराबाहेर कुणालाही कधी कळलं नसतं.

“ते गेले होते,” मी म्हणालो. “सांगितल्या जागीच होते ते. खळ्यातच. शेवटपर्यंत.”

माडांतून वारा गेला. दिगंबरने सुई खाली ठेवली. बाई तशाच उभ्या होत्या, हातात तांब्या.

“मगे तुमी खंय होतास?” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. आमच्याकडे खळं गावाबाहेर असतं, तेही सांगितलं. डबा ऐकू आला होता आणि खलाशी सांगत होता तरी मी ऐकलं नाही, तेही. माझं बोलून झालं तेव्हा बाईंनी तांब्या माझ्यापुढे पुन्हा सरकवला आणि मुलाकडे वळल्या.

“दिगंबरा, ता सरकारी पत्र भायर हाड. पेन पण हाड. सायब खरां काय ता आपल्या हातान लिवन देतले, आनी मगे जातले.”